राह्यला होता

भिंतीपलीकडून आठवी ‘ब’ची पोरं एका सुरात ओरडली तेव्हा नरेंद्र खिल्लारे आठवी ‘अ’च्या फळ्यावर तक्त्याची तिसरी रेघ ओढत होता. “म्हैस चारा खाऊन राह्यली होती!” “राह्यली होती म्हंजे काय?” हा ‘ब’ला इंग्रजी शिकवणाऱ्या जिकराचा आवाज, बारीक पण ठाम. “वॉज ईटिंग!” “तेवढ्यात कुत्रं भुकलं. भुकलं म्हंजे?” “बार्क्ड!” पाठोपाठ कुणीतरी खरोखरच भुंकलं, आणि पन्नास पोरांचं हसू भिंतीतून इकडे झिरपलं. आठवी ‘अ’ची पोरंही हसली. नरेंद्रनं वळून पाहिलं तशी त्यांनी तोंडं मिटली, वह्यांत डोकी घातली. फळ्यावर गेली सव्वीस वर्षं तो काढत आला होता तोच तक्ता होता. डावीकडे साधा भूतकाळ, उजवीकडे अपूर्ण भूतकाळ, खाली व्हेन आणि व्हाइलचे नियम, आणि लाल खडूनं अपवाद. तिसरी रेघ मात्र वाकडी गेली होती. ती त्यानं पुसून पुन्हा ओढली.

पोरं ओरडली याचं त्याला काही वाटलं नसतं. वाशीमसारख्या गावातली शाळा, पोरं ओरडणारच. पण ती बरोबर ओरडली होती. एकानंही चूक केली नव्हती. त्याच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असे. ‘तो शाळेत जात होता’ असं फळ्यावर लिहिलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारी, “सर, रोज जात होता, का तेव्हा जात होता?” नरेंद्र म्हणे, “संदर्भ बघा, संदर्भ.” फार झालं तर ओरडे. आज हात तसाच फळ्यावर ठेवून उभं असताना त्याला कळलं, की विचारणारं प्रत्येक पोर शहाणं होतं. ‘जात होता’त दोन्ही मावतं, रोजचं जाणं आणि त्या क्षणीचं जाणं. पण ‘जाऊन राह्यला होता’ म्हटलं की शंकेला जागाच नाही. पोरगा रस्त्यावर आहे, पाठीवर दप्तर आहे, त्याच्या पायानं उडालेली धूळ अजून खाली बसलेली नाही. इतकं सोपं. आणि हे जिकराला सुचलं होतं, वय वर्षं पंचवीस, नोकरी तासिका तत्त्वावर, तासाला मिळेल तेवढंच. त्याला सुचलं नव्हतं. तसं पाहिलं तर सुचायचीही गरज नव्हती. सतरा वर्षांचा होईपर्यंत तो हेच बोलत होता.

किन्हीराजाहून अमरावतीला कॉलेजात गेला तेव्हा पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी त्याला विचारलं होतं, निबंध कुठे आहे. तो उभा राहून म्हणाला होता, “सर, लिहून राह्यलो.” प्राध्यापक बाहेरगावचे, चष्म्यावरून बघणारे. ते म्हणाले, “लिहून कुठे राहिलात? आम्ही तर इथे वाट पाहतोय.” सगळा वर्ग हसला. आवाज न वाढवता केलेला विनोद होता, पण पुढची तीन वर्षं त्याचं नाव ‘राह्यलो’ पडलं. मेसच्या रांगेत, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, नळावर, “काय राह्यलो, जेवून राह्यला का?” तेव्हापासून तो खोलीत भिंतीकडे तोंड करून म्हणत बसे, लिहीत आहे, जात आहे, येत आहे. जीभ वळेना, तर ओठ चावून म्हणे. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘काहून’चं ‘का’ झालं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर तो आईला म्हणाला, “मी उद्या सकाळी निघणार आहे,” तर आईनं, अंजनानं, नकळत पदर सावरला, कचेरीतला साहेब दारात आल्यावर सावरावा तसा. बाप जानराव मात्र खुश झाला. दुसऱ्याच्या शेतावर राबलेला माणूस, नरेंद्रचा आजा छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आलेला; पोरगं साहेबासारखं बोलतं यात त्याला सगळ्याचं सार्थक वाटलं. “असंच बोलत जाय,” एवढंच तो म्हणाला. नरेंद्र तसंच बोलत गेला. इतकं, की आता झोपेतही त्याला ‘राह्यलो’ म्हणता आलं नसतं.

आणि जिकराला काही टाकावं लागलं नव्हतं. हेच अंगावर बिब्बा उतावा तसं त्याच्या आत कुठेतरी उतत होतं. चांद टेलरची ही पोरगी. सहावी ते दहावी त्याच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसलेली. घरी अब्बूंशी उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, फळ्याजवळ इंग्रजी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी ती एका भाषेतून दुसरीत जाई आणि कुठलंच दार लावून घेत नसे. बी.एड. करून ती याच शाळेत आली तेव्हा नरेंद्रनं स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, “माझी विद्यार्थिनी.” त्या दोन शब्दांतला ‘माझी’ त्याला गोड लागला होता. मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, ते गोड आंबलं. शाळा सुटल्यावर पोरं तिच्या स्कूटीभोवती गोळा होत, “मॅडम, हे कसं होते, मॅडम, हे काहून असं,” आणि तो त्यांच्यातून वाट काढत आपली मोटारसायकल बाहेर काढी, तेव्हा पोरं बाजूला सरकत, आदबीनं, गप्प होऊन. पूर्वी या आदबीचा त्याला अभिमान होता. आता त्याला ती दारावर टांगलेल्या पाटीसारखी वाटू लागली. आदब ठेवावी, आत येऊ नये.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो रिकाम्या स्टाफरूममध्ये बसला आणि मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहू लागला. अर्ज तो नेहमी इंग्रजीतच लिही, रजेचासुद्धा. विषय लिहिला. वर्गात अशुद्ध बोलीचा वापर होत असल्याबाबत. पहिल्याच वाक्याला पेन अडलं. शी वॉज युझिंग लिहावं, की शी युज्ड? वॉज युझिंग लिहिलं तर चित्र अर्धवट राहतं. तिचं काहीतरी चाललं होतं आणि आपण ते भिंतीआडून कान देऊन ऐकलं, एवढंच निघतं. युज्ड लिहिलं की गोष्ट पक्की होते, घडली, संपली, शिक्का बसला. त्यानं युज्ड लिहिलं. मग पुढे, जरा थांबून, ऑन मेनी ऑकेजन्स जोडलं. अनेकदा. ऐकलं होतं त्यानं एकदाच, त्या एका तासाला. पण वाक्य त्याशिवाय उभं राहीना, आणि मोडकं वाक्य त्यानं आयुष्यात कुणाच्या हाती दिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘द अंडरसाइन्ड वॉज कंपेल्ड टू हिअर’, खाली सही करणाऱ्याला हे सारं ऐकणं भाग पडलं. ते वाचून त्याला क्षणभर बरं वाटलं. मुख्याध्यापक शेषराव घरी निघाले होते. त्यांनी उभ्याउभ्याच कागद वाचला, मान हलवली. “बरं झालं सर, तुम्ही लेखी दिलं. संस्थेतले लोकही विचारत होते. नाव गुप्त ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला पलीकडे पुन्हा तेच चालू होतं. “पोरं खेळून राह्यले होते!” “राह्यले, म्हंजे वेअर का वॉज?” “वेअर!” तेवढ्यात आवाज मधेच तुटला. बाकं सरकल्याचा, पोरं उभी राहिल्याचा खडखडाट झाला, आणि मग शेषरावांचं दबकं, लांबलेलं बोलणं. नरेंद्र पुस्तकातून वाचून दाखवत होता. तो थांबला नाही. पण वाचता वाचता त्या शांततेची चव त्याला जिभेवर लागली. गोड होती. इतकी, की त्याला स्वतःचीच भीती वाटली. समोर आठवी ‘अ’ची पोरं पुस्तकाकडे नव्हे, त्याच्याकडे बघत होती.

जिकराला पत्र मिळालं. सात दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा पुढील तासिका देण्याबाबत विचार केला जाईल. म्हणजे देणार नाहीत, हे स्टाफरूममधल्या कपाटालाही कळत होतं. ती आठवडाभर नेहमीसारखी आली, नेहमीसारखं “गुड मॉर्निंग सर” म्हणाली. नरेंद्र तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिला. रडल्याची खूण, राग, निदान ओढलेला ओठ. काही नव्हतं. त्यालाच झोप लागेना. आपण काय वाईट केलं, तो स्वतःला विचारी. शुद्ध बोलावं एवढंच तर म्हटलं. मग ऑन मेनी ऑकेजन्स आठवे आणि तो कूस बदले.

रविवारी सकाळी तिची स्कूटी त्याच्या दारात उभी राहिली. नरेंद्रची बायको सरिता दारात जाऊन म्हणाली, “ये वं पोरी, बस. चहा ठेवून राह्यली मी.” आणि आत येऊन त्याला म्हणाली, “तुमची विद्यार्थिनी आली आहे.” जिकरा खुर्चीच्या कडेवर बसली, शाळेत असताना बसायची तशीच. पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिनं टेबलावर सरळ केला. “खुलासा लिहिला, सर. इंग्रजीत. म्हटलं, देण्याआधी तुमाले दाखवावं.”

नरेंद्रच्या हातानं आपोआप लाल पेन उचललं. कागद स्वच्छ होता, अक्षर त्यानंच वळण लावलेलं. ‘ऑन ट्वेल्फ्थ सप्टेंबर आय टॉट पास्ट टेन्स टू क्लास एट-बी.’ तिनं टॉटखाली पेन्सिलनं रेघ ओढली होती. “इथं अडली, सर. टॉट ठेवू का वॉज टीचिंग?”

“तास पूर्ण झाला होता का?” त्यानं विचारलं. आवाज वर्गातला आला.

“नाही ना. मधेच हेडसर आले.”

“मग टॉट नाही येणार. टॉट म्हणजे तू शिकवलंस, संपवलंस, जे काय झालं ते सगळं तुझ्या अंगावर. वॉज टीचिंग लिहिलं की कळतं, काम चालू होतं आणि मधे काहीतरी आलं. मधे काय आलं, तेही लिहावं लागतं पुढे.” सरितानं चहाचे कप आणून ठेवले आणि ती आत गेली.

जिकरा कागदाकडेच पाहत होती. “तक्रारीचा कागद मले दाखवला हेडसरांनी. खालचं नाव दुमडून ठेवलं होतं.” तिनं कागदाची घडी बोटानं सपाट केली. “त्यात एक वाक्य होतं, सर. द अंडरसाइन्ड वॉज कंपेल्ड टू हिअर. लई सुंदर वाक्य आहे. आपल्या शाळेत असं लिहाले कोणाले येते? नाव कायले दुमडावं लागते?”

बाहेर रस्त्यावरून ऑटो गेला, त्याच्या टपावरचा भोंगा कसल्यातरी सेलची जाहिरात करत दूर होत गेला. पळून जाण्यासारखं वाक्य तो शोधत होता. आयुष्यभर त्याला वाक्यांनीच वाचवलं होतं. एकही मिळालं नाही. “मी दिली ती तक्रार,” तो म्हणाला.

“मले माहीत आहे. मी ते विचाराले नाही आली, सर. मी काळ विचाराले आली.” मग पहिल्यांदा तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते, पण हनुवटी किंचित हलत होती. “फक्त ते मेनी ऑकेजन्स खरं नाही. तुमी आयकला तो पहिलाच तास होता. मले आदल्या रात्री सुचलं होतं आन् सकाळी करून पाह्यलं. तुमीच म्हणत होते ना, एक चुकीचा शब्द गेला की सारं वाक्य खोटं होते.”

तो काय बोलला असता? की मला तुझा हेवा वाटला? पंचवीस वर्षांच्या पोरीला एकावन्न वर्षांच्या माणसानं हे सांगायचं कसं? की तुझ्या जिभेवर जे तसंच राहिलं, ते मी ओठ चावून चावून काढून टाकलं, आणि त्या कामाला शिक्षण म्हटलं? ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रागावत नव्हती, आणि त्याला कळलं, की आता आपल्याला तिच्या या न रागावण्याचाही हेवा वाटतो आहे. त्यानं लाल पेन खाली ठेवलं, निळं घेतलं आणि तिचा खुलासा ओळ न् ओळ दुरुस्त केला. वॉज टीचिंगपुढे व्हेन लिहिलं. एक ‘द’ गाळला, दोन घातले. कुठेही खुसपट काढलं नाही, कुठेही दया दाखवली नाही. ती वाचून “थँक यू सर” म्हणाली, थंड झालेला चहा तिनं एका घोटात पिऊन टाकला आणि ती गेली.

सोमवारी तो शेषरावांकडे गेला. “ती तक्रार मी परत घेतो.”

“असं कसं, सर? कागदाला आवक नंबर पडला. आता परत घ्यायची म्हंजे दुसरा कागद पाहिजे.”

नरेंद्रनं तिथेच बसून दुसरा कागद लिहिला. ‘मी एकदाच ऐकले होते. अनेकदा असे लिहिले ते खोटे आहे. शिकवण्याची ती पद्धत चुकीची नाही.’ शेषरावांनी वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली. “मराठीत?” ते म्हणाले. “तब्येत बरी आहे ना, सर?” दोन्ही कागद आणि जिकराचा खुलासा एकाच फाइलीत गेले. संस्थेनं तिला ताकीद दिली आणि तासिका चालू ठेवल्या. जिकरा पूर्वीसारखीच नमस्कार करी. फक्त शंका विचारायला यायची ती बंद झाली. त्याला वाटलं होतं, कबूल केल्यावर आतलं ते उतणं थांबेल. थांबलं नाही. थोडं शहाणं झालं, एवढंच.

ऑक्टोबरात सत्र परीक्षा झाली. विषयात ज्येष्ठ म्हणून आठवी ‘ब’च्या उत्तरपत्रिका फेरतपासणीला त्याच्याकडे आल्या. रविवारी दुपारी तो गठ्ठा सोडून बसला, आणि खरं सांगायचं तर चुका शोधायलाच बसला. जिकरानं शेवटचा प्रश्न वेगळा काढला होता. परीक्षेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी शहरासह आसपासच्या गावांतली लाइट दीड तास गेली होती. त्यावरून तिनं विचारलं होतं, लाइट गेली तेव्हा तुमच्या घरात कोण काय करत होतं, पाच वाक्यं लिहा. नरेंद्रनं सव्वीस वर्षं पोरांकडून रामाला आंबा खायला लावला होता. रामा वॉज ईटिंग अ मँगो. इथे आंबा नव्हता. माझे वडील ऑटो धूत होते. आई रस्त्याकडे पाहत होती. बहीण माझ्याशी भांडत होती, आणि लाइट गेली, आणि तिनं माझा हात धरला. अश्वजित नावाच्या पोरानं लिहिलं होतं, ‘माय ग्रँडफादर वॉज कॉलिंग मी. आय वॉज नॉट लिसनिंग.’ काही ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं. काळ कुठेच चुकला नव्हता. एकामागून एक घरं उघडत गेली, पन्नास अंधार, प्रत्येकात कुणीतरी काहीतरी करत असलेलं, मधेच थांबलेलं. इतक्या वर्षांत एकाही पोरानं त्याला आपल्या घरात काय चाललं होतं ते सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं. जिकराला मात्र पन्नास जणांनी सांगितलं होतं. छातीत ओळखीची कळ आली. या वेळी तो तिला नाव ठेवत बसला नाही.

त्यानं कोरा कागद ओढला आणि तोच प्रश्न स्वतः सोडवायला घेतला. ‘आय वॉज करेक्टिंग नोटबुक्स.’ हे सहज आलं. दुसरं वाक्य, ‘माय वाइफ वॉज’. इथे पेन थांबलं. त्यानं आठवून पाहिलं. खोलीत तो होता. घरात ती होती. काय करत होती? स्वयंपाक, असं लिहिता आलं असतं, कुणी मार्क कापले नसते.

तो उठून आत गेला. सरिता खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होती. “त्या गुरुवारी लाइट गेली ना, तेव्हा तू काय करत होतीस?”

तिनं वर पाहिलं. “काहून?”

“असंच.”

“पोळ्या झाल्या होत्या. ओट्याले टेकून बसली होती.” तिनं एक देठ मोडला. “गाणं म्हणून राह्यली होती.”

“मला नाही ऐकू आलं.”

“तुमी बॅटरी धुंडत आले ना. मंग थांबली.”

नरेंद्र चौकटीला हात लावून उभा राहिला. इतक्या वर्षांत तिला गाताना त्यानं कधी ऐकलं होतं? लग्नाच्या पहिल्या वर्षी, शिरपूरला तिच्या माहेरी, बहुतेक एकदा. “कोणतं गाणं?” त्यानं विचारलं.

“आता कुठं ध्यानात आहे.” सरितानं भाजी टोपल्यात टाकली. मग, त्याच्याकडे न बघता, “सुगराबीले विचारा. तिच्या अंगणातून आयकून राह्यली होती. दुसऱ्या दिवशी म्हणे, अधुरं काहून सोडलं?”

तो मागच्या दारापर्यंत गेला. शेजारची सुगराबी अंगणात ओले कपडे झटकून दोरीवर टाकत होती, तोंडात चिमटे धरलेले. एक चिमटा काढून तिनं दुपट्ट्याला लावला, दुसरा चादरीला. तोंड मोकळं झालं तशी ती काहीतरी गुणगुणू लागली. चाल ओळखीची वाटली, शिरपूरला ऐकल्यासारखी. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते.